आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

आमच्या शहरात पाहुणे आले की त्यांना फिरवण्याची एक ठरलेली वाट असते. आधी मकबरा, मग पाणचक्की, आणि वेळ उरला तर दौलताबादचा किल्ला. पाणचक्कीच्या हौदात उंचावरून पडणारं पाणी पाहून पाहुणा हमखास विचारतो, "हे पाणी येतं कुठून?" आणि यजमान हमखास सांगतो, "मलिक अंबरने कालवा बांधला होता, त्यातून."

या एका उत्तरात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. पाणचक्कीची नहर मलिक अंबरची नाही, ती त्याच्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, अठराव्या शतकात झाली. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पीठ दळायला तिथे जातं बसवलं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी. नहर म्हणजे कालवा नव्हे! आज लिहायला बसले आहे ते यासाठीच, कारण हा फरक नीट कळला तर आपल्या घराच्या छतावरचा पाऊस आणि चारशे वर्षांपूर्वीची नहर यांचं नातं आपोआप कळतं. (आणि आमच्या घरात सध्या जो वाद चालू आहे त्याचाही निकाल लागतो. पण तो वाद जरा पुढे.)

कालवा कसा असतो? नदीला बांध घालायचा, पाणी अडवायचं आणि उघड्या चरातून दुसरीकडे न्यायचं. पाणी डोळ्यांना दिसत असतं. नहरीचं तसं नाही. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाऊस जमिनीत मुरतो, तिथे खाली उतरून बोगदा खणायचा. मुरूम आणि फुटक्या खडकातून पाणी पाझरत पाझरत त्या बोगद्यात उतरतं. बोगद्याला अगदी बेताचा उतार द्यायचा, म्हणजे पाणी आपल्या पायांनी चालत शहराकडे येतं. ना मोट, ना रहाट, ना आजच्यासारखी मोटार. वाटेत ठराविक अंतरावर वरून खाली उतरायला विहिरीसारखी तोंडं ठेवायची, म्हणजे हवा खेळती राहते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. शहराजवळ आलं की ते पाणी खापरी नळांत घ्यायचं. नळांतली हवा आणि दाब यांचा बंदोबस्त करायला मधेमधे उंच चौकोनी खांब, त्यांना आपल्याकडे बंबे म्हणतात. जुन्या भागात असे बंबे अजून उभे दिसतात. बऱ्याच लोकांना ते कसले हे माहीत नसतं, इतकंच.

म्हणजे नहरीत वाहायचा तो जमिनीत मुरलेला पाऊस. नहर पाणी तयार करत नव्हती, गोळा करत होती. आपल्याकडे म्हण आहेच, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नहर हा शहराचा पोहरा होता. आड होता तो हर्सूल-जटवाड्याकडच्या डोंगरांच्या पायथ्याची जमीन.

आता हा पोहरा घडवणारा माणूस. मलिक अंबर जन्माने हबशी, इथिओपियातला. गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी गावाला राजधानी केलं. खडकी हे नावच सगळं सांगतं. खडकाळ जागा. खाली काळा पाषाण, वर हातभर माती. त्यात वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, त्यातही मोजक्याच दिवसांत. राजधानीसाठी कुणी अशी जागा निवडेल असं वाटत नाही. पण मोगलांशी लढायचं तर डोंगर पाठीशी हवेत, आणि डोंगर म्हणजे मुरलेलं पाणी. त्याने बहुधा हे दोन्ही पाहिलं असावं.

इथे एक गंमत आहे, आणि इतिहासात अशा गमती वाचल्या की मला फार बरं वाटतं. त्याच काळात मलिक अंबरचा मोठा प्रतिस्पर्धी होता मोगलांचा सरदार अब्दुर्रहीम खान-ए-खानान. दोहे लिहिणारा रहीम तो हाच. त्याचा मुक्काम बुऱ्हाणपूरला. तिथेही तीच अडचण, मोठं लष्कर आणि पाणी कमी. १६१५च्या सुमारास त्याने सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी बोगद्यांतून शहरात आणलं. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे उतरायची तोंडं, त्या एका वाटेवर आहेत. पुढच्याच वर्षी, १६१६ साली, या खान-ए-खानानच्या मुलाने, शाहनवाज खानाने, मलिक अंबरचा पराभव केला आणि खडकी जाळली. आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत, १६१७-१८च्या सुमारास, त्याच जळालेल्या खडकीत मलिक अंबरची नहर आली!

दोघे एकमेकांचे वैरी, पण जमिनीखालच्या पाण्याबद्दल दोघांचं एकमत. ही विद्या मूळची इराणकडची. बिदरला त्याआधीच बहामनी काळात ती आलेली होती. तलवारीने जे एकत्र आलं नाही ते पाण्याने आणलं म्हणायचं.

पुढे गाव वाढत गेलं. मलिक अंबर १६२६मध्ये वारला, त्याच्या मुलाच्या नावावरून गाव फतेहनगर झालं, १६५३मध्ये औरंगाबाद झालं आणि २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली, खडक तोच राहिला. नव्या नहरी होत गेल्या. बेगमपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घराजवळचा थत्ते हौद आणि थत्ते नहर ही त्यातलीच नावं.

पण सगळं श्रेय मुसलमानी अमदानीला किंवा इराणला देऊन थांबायचं कारण नाही. पाणी राखायच्या दोन रीती आपल्या डोंगरांत त्याच्याही आधीपासून आहेत. एक मुरवायची, दुसरी साठवायची. साठवायची रीत लेण्यांत बघायला मिळते. लेण्यांच्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' असा शब्द येतो. जुन्नर, कान्हेरी, नाणेघाट, सगळीकडे. खडकात टाकं कोरायचं, वरच्या कातळावर पडणारा पाऊस बारीक पन्हळी खोदून त्यात सोडायचा, आणि आठ महिने पुरवायचा. कान्हेरीच्या एका लेखात अशी पोढी दान दिल्याची नोंद आहे, आणि देणारा कल्याणचा एक सोनार. राजा नाही, सरदार नाही. आपल्यासारखा पोटापाण्याचा उद्योग करणारा माणूस. दोन हजार वर्षांपूर्वी त्याला वाटलं की नाव राहावं तर पाण्यावर राहावं.

आपल्या जिल्ह्यात कन्नड तालुक्यात पितळखोरं आहे. तिथे लेण्याच्या दारापाशी खडकातून पाणी वाहून नेणारी नाळ आहे आणि तिचं तोंड पाच फण्यांच्या नागाचं केलेलं आहे. म्हणजे पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे नागाच्या फण्यांतून धारा पडायच्या. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, याचा विचार तर केलाच, वर तो शोभेने केला. आणि आपण गच्चीचा पाइप काय करतो? भिंतीवरून खाली आणतो आणि सरळ गल्लीत सोडून देतो.

दौलताबादला, म्हणजे देवगिरीला, हत्ती हौद आहेच. पण किल्ल्याची १२९६ची गोष्ट मला नेहमी आठवते. अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला तेव्हा घाईघाईने किल्ल्यात नेलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, म्हणून रामदेवरायाला शरण जावं लागलं असं सांगतात. गोष्टीत पाणी संपल्याचा उल्लेख नाही. त्या उघड्या कातळावर धान्य कमी पडलं, पाणी पडलं नाही.

आता राजे आणि किल्ले सोडून घरात येऊ.

मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पांढरी माती धोपटून सपाट छत. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, नाहीतर घर गळणार. पावसाचं पाणी लाकडी किंवा दगडी पन्हळीतून रस्त्यावर. मातीच्या छतावरून आलेलं ते पाणी गढूळ, प्यायला कामाचं नव्हतं, म्हणून कुणी साठवत नसे. पण प्रत्येक मोठ्या वाड्यात आड असे. अरुंद, गोल, पायऱ्या नसलेला, वर रहाट आणि दोरीला पोहरा. आणि अंगण मातीचं, रस्ता मातीचा, मागे परसबाग. म्हणजे छतावरून पडलेलं पाणी दहा पावलं जाऊन तिथेच मुरत होतं आणि आडात उतरत होतं. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. जमीन उघडी होती, एवढंच.

पैठणला नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्याची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं राहिला आणि कावडीने गोदावरीचं पाणी आणून तो रांजण भरत राहिला. अजूनही नाथषष्ठीच्या आधी तो रांजण भरण्याचा सोहळा होतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला देवाची थोरवी वाटायची. आता मात्र वेगळंच मनात येतं. या भागात घरात पाणी आणणं हे काम एवढं कष्टाचं होतं की भक्तीची परीक्षा म्हणून लोकांना तेच सुचलं.

त्याच पैठणला जायकवाडीचं धरण झालं. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. जलाशयाला नाव नाथसागर. मधल्या काळात १९७२चा दुष्काळ येऊन गेलेला, त्यामुळे त्या पाण्याचं केवढं अप्रूप असेल याची कल्पना आमच्या पिढीला येणार नाही. नाथसागराचं पाणी पाइपातून आमच्या शहरात आलं. आधी ७०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी, मग १४०० मिलिमीटरची. २०२०च्या डिसेंबरमध्ये आणखी मोठ्या, १,६८० कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं आणि पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. ही कामं नको होती असं मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या शहराला गच्चीवरचं पाणी पुरणार नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळेल.

पण एक गोष्ट नकाशा समोर ठेवून बघा. पैठण आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला, आणि शहरापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली. म्हणजे प्रत्येक घागर वीज जाळून वर चढवायची. आता खाम नदी बघा. ती जटवाड्याच्या डोंगरांत उगम पावते, हर्सूलवरून येते, बेगमपुऱ्याला आणि पाणचक्कीला वळसा घालून शहराबाहेर पडते आणि खाली जाऊन मिळते ती गोदावरीला, नाथसागराच्या पाण्यातच!

म्हणजे बघा काय होतं. आमच्या घराच्या छतावर चांगला स्वच्छ पाऊस पडतो. आम्ही तो पाइपाने गल्लीत सोडतो. गल्लीतून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाममध्ये. वाटेत त्यात शहराची सगळी घाण मिसळते. खाममधून ते नाथसागरात जातं. तिथून आम्ही ते पाणी शंभर मीटर वर ओढतो, शुद्ध करतो, आणि कित्येक वर्षं कित्येक वस्त्यांत आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाची वाट बघत पहाटे जागे राहतो. जे पाणी पावसाने फुकट दारात, नव्हे डोक्यावर आणून ठेवलं होतं, तेच! श्रीखंड्याने कावड खांद्यावर घेऊन दारात यावं आणि आपण ती गटारात ओतून त्याला परत गोदावरीवर पाठवावं, तसलाच हा प्रकार.

आणि नहरी? काहींवर घरं झाली, काही रस्त्यांच्या खोदाईत फुटल्या, काहींच्या शेजारी बोअर घेतले गेले. पण मला वाटतं त्यांचं खरं दुखणं वेगळं आहे. वरची जमीन झाकली गेली. फरशी, काँक्रीट, डांबर. पोहरा फुटला म्हणून आपण हळहळतो, वर्तमानपत्रात पत्रं लिहितो, पण आडात पाणी उतरायची वाटच बंद केली हे विसरतो. उद्या पुरातत्त्व खात्याने सगळ्या नहरी नव्यासारख्या बांधून दिल्या, तरी त्यांत वाहायला काय असेल?

आता आमच्या घरातला वाद. नातेवाईक मंडळींनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा.

बेगमपुऱ्यातल्या जुन्या घराच्या अंगणात आड आहे. साधारण चार फूट व्यासाचा, चाळीसेक फूट खोल. रहाट गेला, दगडी काठ आहे. आजोबांच्या नंतर त्यावर लोखंडी जाळी आणि पत्रा ठेवला गेला. माळवद पडून तिथे स्लॅब आला त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली. आता चुलत भावांचं म्हणणं की आड बुजवावा आणि तिथे गाडी लावायला जागा करावी. त्यांचं चूक नाही. गल्ली अरुंद, गाडी रस्त्यावर, रोज भांडण. शिवाय लहान मुलं घरात, उघडा आड म्हणजे धोका. काकूंना मात्र ते मनातून नको आहे. आड बुजवू नये असं त्या म्हणतात, पण का ते सांगत नाहीत. जुनी माणसं कारणं सांगत बसत नाहीत.

मी दादाला एवढंच म्हणाले, एक पावसाळा द्या. आडावर मजबूत सिमेंटचं झाकण टाकू, माणूस उतरेल एवढं कुलूपबंद तोंड ठेवू, गाडी त्याच्या बाजूला लावा. आणि छताचं पाणी त्यात सोडून बघू. गेल्या मे महिन्यात ते काम केलं. कसं केलं ते लिहिते, कारण पुण्याच्या मावशीने फोनवर दोनदा विचारलं आहे.

छत आहे साधारण १,००० चौरस फुटांचं, म्हणजे ९३ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, एवढं एकच सूत्र लक्षात ठेवायचं. ७०० मिलिमीटरला ६५,००० लिटर झाले. उडून जाणारं, वाया जाणारं सोडलं तर ५०,००० लिटर हाती येतात. म्हणजे दहा हजारी टँकर पाच. एका माणसाला दिवसाला १३५ लिटर हे शहराचं माप धरलं, तर चौघांच्या घराला तीन महिने. आणि नुसतं पिण्या-स्वयंपाकाचं बघितलं, माणशी आठ लिटर, तर चौघांना वर्षाला १२,००० लिटरही लागत नाहीत.

छताचा उतार जिकडे आहे तिकडच्या दोन कोपऱ्यांतून चार इंची पाइप खाली घेतले. तोंडाशी जाळी, म्हणजे पानं आणि कबुतरांची पिसं अडतात. दोन्ही पाइप खाली एकत्र केले आणि तिथे एक फाटा ठेवला, त्याला झाकण. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी या फाट्यातून बाहेर सोडून द्यायचं, कारण ते छताची धूळ घेऊन येतं. छत स्वच्छ झालं की फाटा बंद. मग पाणी जातं दोनशे लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिंपात. पिंपात तळाला मोठी खडी, त्यावर बारीक खडी, त्यावर जाड रेती, मधेमधे नायलॉनची जाळी. पाणी वरून शिरतं, खालून निघतं. तिथून हजार लिटरच्या झाकणाच्या टाकीत, आणि टाकी भरली की वरचं पाणी आडात. पाऊस फारच मोठा झाला आणि पिंपाला पेलवेना, तर पिंपाच्या वरच्या तोटीतून ते गल्लीत जातं, पूर्वीसारखंच. दरवर्षी मेमध्ये छत झाडायचं, रेती बाहेर काढून धुवायची. एवढंच. प्लंबर आणि गवंडी मिळून तीन दिवसांचं काम झालं.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने बघायच्या. संडासाची टाकी किंवा फुटका गटारपाइप आडाच्या जवळ नको. आणि न गाळलेलं पाणी आडात किंवा बोअरमध्ये कधीच सोडायचं नाही, एकदा खालचं पाणी नासलं की ते धुता येत नाही. टाकीचं पाणी प्यायचं असेल तर तपासून आणि उकळून. आम्ही ते धुण्याला, झाडांना वापरतो. ज्यांच्याकडे आड नाही त्यांनी पायापासून दूर शोषखड्डा घ्यावा, खडीने भरलेला, तेही चालतं.

तुम्ही विचाराल, फरक पडला का? आडाचं पाणी पावसाळ्यात वर आलं. पण ते तसंही दर पावसाळ्यात थोडं वर येतंच, त्यामुळे एका वर्षावरून मी छातीठोकपणे काही म्हणणार नाही. दादाने मला नेमकं इथेच पकडलं. त्याचं म्हणणं, "आपण सोडलेलं पाणी आपल्याच आडात राहतं कशावरून? शेजारच्या बोअरला गेलं तर?"

खरं आहे. काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखं बसत नाही. वरचा झिजलेला थर, मुरूम, खडकाच्या भेगा, यांतून वाट मिळेल तिकडे जातं. आपण मुरवलेलं पाणी शेजाऱ्याच्या बोअरला जाईल, उताराने खामच्या काठाला निघेल. साठवलेलं पाणी आपलं असतं, मुरवलेलं पाणी गावाचं होतं. टाकी आणि आड यांत हाच फरक आहे. म्हणून तर टाकी बसवायला लोक लगेच तयार होतात आणि शोषखड्ड्याला नाही. पण नहर याच न्यायावर तर चालत होती! डोंगराच्या पायथ्याशी ज्याच्या शेतात पाऊस मुरला त्याचं नाव पाण्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि ते शहरात कुणाच्या हौदात पडलं हे त्याला माहीत नव्हतं. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारने ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी जमिनीत मुरवावं असं १८८३च्या सुमारास सांगितलं, त्यातही गोष्ट हीच आहे. पाणी एकाच्या बांधाला अडतं आणि दुसऱ्याच्या विहिरीला फुटतं.

दुसरी शंका नाशिकच्या काकांची. दुष्काळात पाऊसच नसेल तर छत काय करणार? हेही बरोबर. निम्मा पाऊस पडला तर पाणी निम्मंच मिळेल, छत काही जादू करत नाही. पण २०१६चा एप्रिल आठवा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या गाडीत दहा डब्यांत मिळून साधारण ५ लाख लिटर पाणी होतं, सगळ्या देशाने ती गाडी टीव्हीवर बघितली. आता वरचा हिशेब लावा. आमच्यासारखी दहा छतं चांगल्या पावसाळ्यात तेवढंच पाणी गटारात सोडतात, वाईट पावसाळ्यात वीस छतं. त्याची बातमी होत नाही. आणि जमिनीत मुरलेलं पाणी हे चांगल्या वर्षातलं वाईट वर्षासाठी राखून ठेवलेलं असतं, आजी डब्यात पैसे ठेवायची तसं.

कायद्याचं म्हणाल तर तमिळनाडूने २००३मध्येच सगळ्या इमारतींना हे सक्तीचं केलं. आपल्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना ते बंधन आहे. म्हणजे बेगमपुऱ्यातली, पदमपुऱ्यातली, सिडको-हडकोतली आपली छोटी घरं त्यात येतच नाहीत. आपल्याला कुणी नोटीस पाठवणार नाही, कुणी बक्षीसही देणार नाही. कान्हेरीच्या त्या सोनारालाही कुणी नोटीस दिली नसावी.

असो. लिहिता लिहिता बरंच झालं. आडाचा निर्णय दिवाळीत सगळे जमल्यावर घ्यायचा असं ठरलं आहे. तोपर्यंत ज्यांचं त्या घरावर नाव आहे त्या सगळ्यांनी, न्यू जर्सीच्या मंडळींनीही, आपलं मत कळवावं. माझं मत वर आलंच आहे. बुजवलेला आड परत खणता येतो असं कुणी म्हणेल. येतोही. पण कुणी खणलेला मी अजून पाहिलेला नाही. आणि काकूंच्या मनात काय आहे तेही एकदा त्यांच्याजवळ बसून विचारा, फोनवर नको.